भरल्या ताटावरून

खाणी बंद पडण्याची कारणे साधारणपणे तीनच असतात. पोटातले संपते, बाजारात भाव पडतो, नाहीतर खाली इतके खोल जावे लागते की वर आणलेल्या मालापेक्षा आणण्याचीच हमाली जड होते. कोलारची सोन्याची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. तिथून सोने वर काढायला सोन्याच्या किमतीहून जास्त पैसे लागू लागले आणि २००१ साली तिने मान टाकली. याला कोणी नवल म्हटले नाही. म्हातारपण आले, गेली, असेच सगळे म्हणाले.

कर्नाटकातल्या चिकमगळूर जिल्ह्यातली कुद्रेमुखची लोखंडाची खाण मात्र यांतल्या कुठल्याच दुखण्याने गेली नाही. डोंगरात खनिज होते. यंत्रे धडधाकट होती. बंदर खाली मंगळूरला तयार होते. भाव तर असा चढला होता की चीन दारात पिशवी घेऊन उभा होता. अशा ऐन भराच्या वेळी, ३१ डिसेंबर २००५ला, खाण बंद झाली आणि तिला आम्ही भरल्या ताटावरून उठवले. आमच्याकडे असे करणे म्हणजे अपशकुनच. पानात काही टाकू नये हा संस्कार पहिल्या घासाबरोबर मिळालेला असतो. पोट फुटले तरी चालेल, पण वाटीतली शेवटची आमटी संपली पाहिजे. म्हणून अर्धवट राहिलेली ही खाण पाहिली की मराठी मनाला आत कुठेतरी खाज सुटते.

उडुपी, शृंगेरी, होरनाडू, धर्मस्थळ असा देवदर्शनाचा फेरा करणाऱ्या आपल्याकडच्या सहली कारकळहून कळशाकडे निघाल्या की याच जंगलातून जातात. तपासनाक्यावर वनखात्याचा माणूस गाडीचा नंबर लिहून घेतो. मग हिरवळ, धुके, वळणे. एखाद्या वळणावरून दूर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला डोंगर दिसतो आणि गाडीत असा संवाद होतो.

"अहो ड्रायव्हरसाहेब, ते काय, धरणाचं काम चालू आहे का?"

"नाही सर, माइन्स होती. बंद झाली."

"संपलं असेल सगळं लोखंड."

"नाही सर. आहे अजून. पुष्कळ आहे."

"आहे? मग बंद कशाला केली?"

ड्रायव्हर पुढचे वळण घेतो. मागच्या सीटवरच्या वहिनी चिवड्याचा डबा उघडतात. प्रश्न तसाच राहतो. हा लेख म्हणजे त्या काकांना दिलेले उत्तर आहे, जरा लांबलेले.

सह्याद्री म्हटला की आपल्याला आपला सह्याद्री दिसतो: काळा कातळ, सपाट माथे, त्यावर तटबंदी, आणि पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी. हा सारा कातळ लाव्हाचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून थरावर थर ओतला गेला आणि दख्खनचे पठार झाले. आपल्याला हे फार जुने वाटते. पण गोवा-बेळगावच्या खाली हा काळा कातळ संपतो. डोंगररांग तीच, पाऊस तोच, जळवा त्याच. तळातला दगड मात्र वेगळा. कुद्रेमुखचा दगड अडीच अब्ज वर्षांहून जुना आहे, म्हणजे आपल्या रायगड-राजगडाच्या कातळाच्या जवळजवळ चाळीसपट वयाचा. त्याच्यापुढे आपला सह्याद्री काल रांगायला लागलेला. तरी रांगेत ज्येष्ठपणाचा मान आपणच घेतो, कारण किल्ले आपल्याकडे आहेत.

लोखंड आपल्या कातळातही असते, पण ते पीठभर सांडलेल्या मिठासारखे पसरलेले. काढता येत नाही. पाऊस लाखो वर्षे त्या कातळाला धुऊन जेव्हा जांभा बनवतो तेव्हा मागे उरलेल्या दगडात लोखंडाचे प्रमाण वाढते, आणि म्हणूनच तो तांबडा दिसतो. महाबळेश्वरच्या भागात धावड मंडळी अशा दगडातून भट्ट्या लावून लोखंड काढत असत. पुढे विलायती लोखंड आले, कोळशासाठी झाड तोडण्यावर जंगलाचे नियम आले, आणि भट्ट्या विझल्या. डोंगरातले लोखंड आणि डोंगरावरचे झाड यांचे भांडण कुद्रेमुखला सुरू झाले असे नाही. ते आपल्या अंगणातच एकदा होऊन गेले होते.

कुद्रेमुखचा दगड हातात घेतला तर पहिल्यांदा जाणवते ते वजन. मुठीएवढा तुकडा, पण मनगट खाली ओढतो. मग दिसतात पट्टे. एक काळपट, चमकदार. त्याला लागून एक फिकट, गारेचा. पुन्हा काळा, पुन्हा फिकट. काही पट्टे बोटाएवढे जाड, काही नखाच्या कडेएवढे बारीक. कुठे सरळ जातात, कुठे वळी पडून परत फिरतात. काळा पट्टा मॅग्नेटाइटचा. त्याला लोहचुंबक लावला की टक् असा आवाज होऊन चिकटतो. फिकट पट्ट्यावर तोच चुंबक निसटतो. जुन्या स्पीकरमधला चुंबक काढून समुद्रावरच्या काळ्या वाळूत फिरवण्याचा उद्योग कोकणातल्या प्रत्येक पोराने केलेला असतो. त्या पोराने जे फुकट केले तेच पुढे कुद्रेमुखला कोट्यवधी डॉलर खर्चून केले गेले.

हे पट्टे आले कुठून? पृथ्वी तरुण होती तेव्हा हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता आणि समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळून राहत असे. मग सूक्ष्मजीवांनी उन्हावर जगायची युक्ती काढली आणि त्या खटपटीत प्राणवायू बाहेर टाकायला सुरुवात केली. प्राणवायू भेटला की लोखंड गंजते, हे आपल्या खिडकीच्या गजांना चांगलेच ठाऊक आहे. समुद्रातले लोखंडही तसेच गंजून तळाशी बसले. मधूनमधून गारेचा थर, पुन्हा लोखंडाचा. पट्टेदार लोहपाषाणाची ही जन्मकथा भूशास्त्रज्ञ अशी सांगतात. पुढे जमिनीच्या पोटातली उष्णता आणि दाब यांनी तो तळ भाजला, मुरडला आणि यथावकाश डोंगर करून उभा केला. म्हणजे कुद्रेमुखची खाण मुळात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी घातलेली. त्यांनी ना सभा घेतली, ना पाट्या लावल्या. तरी त्यांच्या कामाचा पसारा पुढे टनांत मोजावा लागला.

या लोखंडाची नोंद १९१३ साली झाली. म्हैसूर संस्थानचे भूशास्त्रज्ञ पी. संपत अय्यंगार हे जंगल तुडवत या डोंगरात आले आणि खनिज पाहून गेले. जागा कशी, तर वर्षाला सहा-सात हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्या आंबोलीच्या तोडीचा. त्यात जळवा, त्यात रस्ता नाही. अय्यंगारांचा अहवाल दप्तरी दाखल झाला आणि डोंगर पुढची साठ वर्षे निवांत राहिला. सरकारी फायलींवर आपण उगाच रागावतो. काही फायली बंद राहिल्यामुळे काय काय वाचले याचा हिशेब कोणी मांडत नाही.

फाइल उघडायला उशीर होण्याचे साधे कारण असे की खनिज विपुल होते, पण कसाने बेताचे. लोखंडाचे प्रमाण पस्तीस ते चाळीस टक्क्यांच्या घरात. बैलाडिला किंवा बळ्ळारीच्या साठ टक्क्यांपुढे ते गरीबच. दगड दळायचा, पाण्यात कालवायचा, चुंबकाने काळे वेचायचे, तेव्हा कुठे कस सहासष्ट-सदुसष्ट टक्क्यांवर जातो. त्याला वीज हवी, पाणी हवे, बंदर हवे आणि मुख्य म्हणजे कोणाचा तरी पैसा हवा.

पैसा आला तो इराणच्या शहांकडून. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले होते आणि शहांना पोलादाचे मोठे कारखाने काढायचे होते. आपल्याकडे डोंगर होता, त्यांच्याकडे नोटा होत्या. नोव्हेंबर १९७५मध्ये करार झाला: इराण ६३ कोटी डॉलरचे कर्ज देणार, आपण डोंगर फोडून वर्षाला ७५ लाख टन कसदार खनिज पुरवणार, आणि हे वीस-एकवीस वर्षे चालणार. एप्रिल १९७६मध्ये कुद्रेमुख आयर्न ओअर कंपनी स्थापन झाली. देशात तेव्हा आणीबाणी होती, त्यामुळे डोंगर फोडावा का याची फारशी चर्चा झाली नाही. चर्चा करणारे बरेचसे आधीच आत होते.

काम धडाक्याने सुरू झाले. घाटमाथ्यावर मल्लेश्वर नावाची वसाहत उभी राहिली. खनिजाची भुकटी पाण्यात कालवून मंगळूर बंदरात न्यायला ६७ किलोमीटरची नळवाहिनी टाकली गेली. आपल्याकडे नळाला पाणी येत नाही ही तक्रार जुनी आहे. इथे नळाला डोंगर येणार होता. आणि सगळे आटोपत आले असताना १९७९च्या फेब्रुवारीत इराणमध्ये क्रांती झाली. शहा त्याआधीच देश सोडून गेले होते. साडेपंचवीस कोटी डॉलर देऊन झाले होते, बाकीचे आलेच नाहीत. नव्या राजवटीला ना शहांचे कारखाने हवे होते, ना आपला डोंगर. जमिनीच्या व्यवहारात इसार देऊन गिऱ्हाईक गायब होते, ते आपल्याला माहीत आहे. इथे गिऱ्हाइकाबरोबर त्याचे सिंहासनही गायब झाले.

आपल्या मंडळींनी मात्र प्रकल्प ठरल्या वेळी, १९८०मध्ये, पुरा केला. भारतीय सार्वजनिक उपक्रमाच्या इतिहासात काम वेळेवर पुरे झाल्याची जी थोडी उदाहरणे आहेत, त्यांतले हे एक. आणि नेमके याच वेळी माल घ्यायला कोणी नव्हते. मग पूर्व युरोपपासून जपानपर्यंत गिऱ्हाइके शोधत फिरावे लागले. हळूहळू जम बसला. दिवसरात्र डंपर धावू लागले. शाळा, दवाखाना, बाग, क्रिकेटचे मैदान. धुक्यात वसलेले एक टापटीप गाव. तिथे वाढलेली मुले आज पन्नाशीकडे झुकली आहेत. पावसाळ्यात वह्या कशा ओल्या व्हायच्या हे सांगताना अजून त्यांचे डोळे चमकतात. खाणीवर बोलताना या माणसांना विसरता येत नाही. डोंगराने त्यांना पोटभर भात दिला होता.

याच सुमारास चिकमगळूरचे नाव साऱ्या देशाला पाठ झाले, पण लोखंडामुळे नव्हे. १९७८ला इंदिरा गांधींनी तिथून पोटनिवडणूक लढवली आणि जिंकली. त्या प्रचारातल्या घोषणेत एक सिंहीण आणि शंभर वानर असा सामना रंगवला होता. गंमत अशी की त्याच जिल्ह्याच्या जंगलात सिंह आणि वानर एकाच देहात बसवलेला एक प्राणी खरोखरच राहत होता. काळा कुळकुळीत, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ, शेपटीला सिंहासारखा झुपका: सिंहपुच्छ वानर. जगात फक्त आपल्या पश्चिम घाटात सापडणारा. हा सहसा जमिनीवर उतरत नाही. उंच झाडांच्या शेंड्यांवरच त्याचा जन्म, संसार आणि भांडणे. १९८३-८४ला वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी या वानरांची पाहणी केली. कन्नड साहित्यिक शिवराम कारंत यांचे हे चिरंजीव. कुद्रेमुखच्या जंगलात या वानराचे चांगले वास्तव्य असल्याचे दिसले आणि १९८७ला सुमारे सहाशे चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. वानराने मतदान केले नव्हते, तरी निकाल त्याच्या बाजूने लागला.

अडचण एवढीच होती की उद्यानाच्या ऐन पोटात खाण होती. उद्यानाच्या हद्दीतून खाणीचा पट्टा तेवढा बाजूला ठेवला. आपल्याकडे रस्त्याच्या मधोमध देऊळ असले की रस्ता वळसा घेतो. इथे राष्ट्रीय उद्यानाने खाणीला वळसा घेतला. दोन्ही सरकारचेच, दोन्हींना झेंडा एकच, आणि दोघांची तोंडे दोन दिशांना.

आता हिशेब पाहा. वर्षाला सव्वादोन कोटी टन दगड फोडायचा, तेव्हा पाऊण कोटी टन माल निघायचा. म्हणजे तीन टनांतला एक टन परदेशी, आणि दोन टन इथेच. त्या दोन टनांचे करायचे काय? भद्रेला मिळणाऱ्या लक्या ओढ्यावर शंभर मीटरच्या घरात उंचीचा मातीचा बांध घातला आणि गाळ त्यामागे साठवला. लोक पाणी अडवायला धरण बांधतात. हे धरण चिखल अडवायला बांधले.

सगळाच चिखल बांधात थांबत नाही. कुद्रेमुखच्या माथ्यावर गवत असते आणि घड्यांमध्ये दाट झाडी, तिला शोला म्हणतात. गवत पाऊस झेलते, झाडी तो जिरवते, आणि पाणी उन्हाळाभर थेंबाथेंबाने खाली येते. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती, तिन्ही नद्या याच उद्यानातल्या गंगामूळच्या परिसरात उगम पावतात. गवताची साल काढून डोंगर उघडा केला आणि त्यावर सात हजार मिलिमीटर पाऊस पडला की काय होते हे समजायला शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. भद्रा लाल झाली. खाणीचा पट्टा नदीच्या पाणलोटाचा अगदी चिमूटभर भाग, पण नदीत येणाऱ्या गाळात त्याचा वाटा सिंहाचा, असे अभ्यासात दिसले. या भद्रेच्या पाण्यावर खाली शेते आहेत, धरण आहे, गावे आहेत. पुढे तुंगेला मिळून ती तुंगभद्रा होते आणि तुंगभद्रा कृष्णेला मिळते. महाबळेश्वरला गोमुखातून निघालेले आपले पाणी आणि कुद्रेमुखचे लाल पाणी शेवटी एकाच नदीतून समुद्राला जाते. तेव्हा हे परक्याच्या घरचे भांडण होते असे समजायचे कारण नाही.

भांडण मोठे झाले. १९९९ला खाणीच्या भाडेपट्ट्याची मुदत संपली. मुदतवाढ द्या, एक बाजू म्हणाली. पुरे झाले, दुसरी म्हणाली. वन्यजीवप्रेमी न्यायालयात गेले, नदीकाठचे शेतकरी रस्त्यावर आले. कंपनीने सांगितले की अजून कितीतरी वर्षांचे खनिज शिल्लक आहे, ते सोडायचे कसे? म्हणजे पुन्हा तेच: पानात टाकायचे नाही. ३० ऑक्टोबर २००२ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: २००५ अखेरपर्यंत आवरा आणि निघा. आणि खरोखरच आवरून निघाले. आपल्याकडे ताबा सोडायला सांगितल्यावर ताबा सुटतो, हेच मुळात दुर्मीळ. इथे सरकारी कंपनीने सोडला.

त्यानंतरची गोष्ट जरा केविलवाणी आहे. वसाहतीतली घरे रिकामी झाली. त्या पावसात घर वर्षभर बंद ठेवले तरी भिंती हिरव्या होतात. इथे तर कायमची कुलपे लागली. जागेचे पर्यटनकेंद्र करावे अशा सूचना आल्या, कारण आपल्याला मोकळी जागा पाहवत नाही. कंपनी मात्र टिकली. डोंगर गेला तरी मंगळूरचा गोळ्या वळायचा कारखाना होता. तिथे दुसऱ्यांचे खनिज आणून ती गोळ्या करू लागली. २००९ला तिने नाव बदलून नुसती आद्याक्षरे ठेवली, केआयओसीएल. आता तिचे लक्ष बळ्ळारी जिल्ह्यात संडूरच्या देवदारी डोंगराकडे आहे. संडूर म्हणजे घोरपड्यांचे जुने मराठी संस्थान. तिथेही खनिज आहे, जंगल आहे आणि वाद आहे.

दरम्यान २०१२ला पश्चिम घाटाची जी ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांत आपले कास, कोयना, चांदोली, राधानगरी आहेत आणि कुद्रेमुखही आहे. एकाच यादीत, एकाच डोंगररांगेचे सोबती. त्याच वर्षी गोव्यातल्या लोखंडाच्या खाणीही थांबल्या, न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर. एका शहांच्या पैशाने कुद्रेमुखची खाण उघडली आणि दुसऱ्या शहांच्या कागदाने गोव्याच्या खाणींना कुलूप लागले. लोखंडाच्या पत्रिकेत शहा नावाचा ग्रह चांगलाच बलवान दिसतो. गोव्याचे कुलूप पुढे उघडत-लागत राहिले. कुद्रेमुखचे मात्र लागले ते लागले.

तर काका, उत्तर असे आहे. खाण बंद केली कारण डोंगरातली सगळ्यात स्वस्त वस्तू लोखंड होती. लोखंड बळ्ळारीला मिळते, बैलाडिलाला मिळते, ऑस्ट्रेलियाहून बोटीने येते. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. हे कळायला आपल्याला पंचवीस वर्षे आणि एक सर्वोच्च न्यायालय लागले, पण कळले. पुढच्या वेळी सहलीत ती गाडी त्या वळणावर आली आणि कोणी विचारले की एवढे लोखंड पडून आहे ते काढत का नाहीत, तर चिवड्याचा डबा पुढे करण्याआधी त्यांना एवढे सांगा: पडून आहे म्हणूनच खालच्या गावांच्या नळाला पाणी आहे. अडीच अब्ज वर्षे जे नासले नाही, ते आणखी थोडे दिवस राहिले तर काही बिघडत नाही.